माहिती राहते कुठे?

रात्रीच्या वर्गाला येणारे पुष्कळ जण एक तक्रार हमखास करतात. "गुरुजी, आता आमचं वय झालं. काल शिकवलेलं अक्षर आज डोक्यात राहत नाही." हे ऐकले की आम्ही त्यांना उलट विचारतो, "डोक्यात म्हणजे नेमके कुठे राहायला हवे होते?" मंडळी हसतात. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

ज्वारीचा दाणा पेरला तर ज्वारीच उगवते. बाजरी कधी उगवत नाही. म्हणजे ज्वारीचे ताट कसे वाढवायचे, कणीस कसे धरायचे, ही सगळी माहिती त्या एवढ्याशा दाण्यात कुठेतरी ठेवलेली आहे. सायकल येणाऱ्या माणसाने दहा वर्षे सायकलला हात लावला नाही, तरी बसला की पाय आपोआप फिरू लागतात. ती माहितीही कुठेतरी जपून राहिलेली असते. जमिनीचा सातबारा दप्तरात असतो आणि पतपेढीतली शिल्लक यंत्रात असते. माहितीची अशी निरनिराळी घरे आहेत. शास्त्रज्ञांनी गेल्या दीडशे वर्षांत ती एकेक करून उघडून पाहिली. त्यातले आम्हाला जेवढे उमगले तेवढे सांगतो. तक्रार डोक्याची आहे, म्हणून आधी डोक्याचेच घेऊ.

हेन्रीची गोष्ट

अमेरिकेत हार्टफर्ड नावाचे शहर आहे. तिथे हेन्री मोलेसन नावाचा एक तरुण होता. त्याला लहानपणापासून फेफरे येत. पुढे ते इतके वाढले की धड कामावर जाता येईना. औषधाचा गुण येईना. शेवटी १९५३ साली, हेन्री २७ वर्षांचा असताना, स्कोव्हिल नावाच्या सर्जनने त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. दोन्ही कानशिलांच्या आत मेंदूचा जो भाग असतो, त्यातला बराचसा काढून टाकला. त्या भागात बोटाएवढा, वळलेला एक तुकडा असतो. तो समुद्रघोडा नावाच्या माशासारखा दिसतो म्हणून त्याला त्या माशाचेच ग्रीक नाव मिळाले, हिपोकॅम्पस.

फेफरे पुष्कळ कमी झाले. पण घरच्यांच्या लक्षात एक वेगळेच आले. हेन्रीला आईबाप ओळखू येत. लहानपणचे प्रसंग आठवत. बोलणे नीट, हिशेब नीट, वागणे सभ्य. फक्त नवी गोष्ट म्हणून काही राहत नसे. घर बदलले तर नव्या घराचा पत्ता त्याला येईना. एकच मासिक तो पुन्हापुन्हा वाची आणि दर वेळी ते त्याला कोरे करकरीत वाटे. जेवून उठला की अर्ध्या तासात जेवल्याची आठवण नाही.

मॉन्ट्रियलहून ब्रेंडा मिल्नर नावाच्या बाई त्याला तपासायला येत. त्या कितीदा आल्या, तरी प्रत्येक भेटीत हेन्रीच्या लेखी त्या नव्याच. या बाईंनी त्याला एक गंमतीचे काम दिले. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी काढलेली. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पण कागदाकडे पाहायचे नाही, समोरच्या आरशात पाहून फिरवायची. करून पाहा एकदा. हात भलतीकडे जातो, कारण आरशात सगळे उलटे दिसते. हेन्रीच्याही पहिल्या दिवशी पुष्कळ चुका झाल्या. सारखे करता करता तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला. आणि तिसऱ्या दिवशीही त्याला विचारले तर तो म्हणे, हे काम आपण आधी कधी केलेलेच नाही!

मंडळी, इथे थोडे थांबा. हात शिकला, आणि शिकल्याचे त्या माणसाला ठाऊक नाही. याचा अर्थ काय झाला? आठवणीची कोठी एक नाही. "काल काय घडले" हे एका व्यवस्थेकडे असते आणि "हे कसे करायचे" हे दुसरीकडे असते. हेन्रीची पहिली व्यवस्था गेली होती, दुसरी शाबूत होती. हाताचे वळण, तोल, सवय ही मेंदूच्या खोल गाभ्यात आणि मागच्या लहान मेंदूत सांभाळली जाते, असे पुढच्या शोधांत दिसून आले. आपल्या भाषेला मात्र हा फरक आधीपासून ठाऊक असावा. आपण कविता "पाठ" करतो आणि काम "अंगवळणी" पडते. दोन गोष्टी, दोन शब्द.

आणखी एक प्रश्न उरतोच. तो भाग काढल्यावरही हेन्रीला लहानपणचे आठवत होते. मग त्या जुन्या आठवणी कुठे होत्या? दुकानदाराची चोपडी तुम्ही पाहिली असेल. दिवसभराचा व्यवहार तो आधी किर्दीत टिपतो, मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. हिपोकॅम्पसचे काम किर्दीचे आहे असे समजा. नवी गोष्ट आधी तिथे उतरते. मग हळूहळू, दिवस, महिने, वर्षे घेऊन, मेंदूच्या वरच्या सालीत ती पक्की होत जाते. हेन्रीची किर्द गेली होती, जुनी खतावणी बरीचशी राहिली होती. आणि ही खाती चढवण्याचे पुष्कळसे काम झोपेत चालते. १९९४ साली अमेरिकेत उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून पाहिले, तेव्हा जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या होत्या, त्याच पेशी झोपेत पुन्हा एकत्र जाग्या होताना दिसल्या. म्हणून आम्ही म्हणतो, परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा मुलगा आपल्या हाताने खतावणी बंद करतो.

हेन्री २००८ साली वारला. पन्नासहून अधिक वर्षे तो शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडला. त्याच्या मेंदूचे २४०१ पातळ काप करून जपून ठेवले आहेत. एवढे उपकार आपण जगावर केले हे त्याच्या मनात राहिले नाही, ही गोष्ट आम्हाला फार लागते.

गोगलगाय आणि लखनौच्या बाया

पण आठवण "पक्की होते" म्हणजे होते काय? मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. एक पेशी दुसरीला निरोप देते. हे एवढाले जाळे तपासायचे कसे? एरिक कँडेल नावाच्या शास्त्रज्ञांनी युक्ती केली. त्यांनी समुद्रातली एक मोठी गोगलगाय घेतली. तिच्या चेतापेशी फक्त वीस हजारांच्या आसपास, आणि काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. तिच्या शेपटीला विजेचा हलका झटका दिला की ती घाबरते, आणि मग अंगाला साधा स्पर्श झाला तरी कल्ला आत ओढून घेते. एकच झटका दिला तर ही भीती काही मिनिटे टिकली. मधे वेळ सोडून चारपाच वेळा दिला तर कित्येक दिवस टिकली. आणि अशा टिकाऊ आठवणीच्या वेळी त्या पेशींना नवे फाटे फुटलेले दिसले! पहिल्या आठवणीत जुनाच जोड तात्पुरता बळकट होतो, दुसरीत नवा जोड बांधला जातो. वापरातली पायवाट रुळते तसे. या कामाबद्दल कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मधे वेळ सोडून, हे शब्द महत्त्वाचे आहेत. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या गृहस्थांनी हेच स्वतःवर मोजून पाहिले होते. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची आणि किती विसरतो ते टिपायचे, असा उद्योग त्यांनी कित्येक महिने केला. १८८५ साली ते पुस्तकरूपाने छापले. पाठ केल्याचा निम्म्याहून अधिक लाभ तासाभरातच निघून जातो, हा त्यांचा हिशेब. तरण्याताठ्या, शिकल्यासवरल्या माणसाचा हा हिशेब आहे, बरे का! काल शिकलेले अक्षर आज आठवले नाही तर त्यात वयाला बोल लावण्याचे कारण नाही. एका दिवशी शंभर वेळा गिरवण्याऐवजी पाच दिवस वीस वीस वेळा गिरवले तर अधिक राहते, हेही त्यांच्याच मोजणीच्या वाटेने पुढे सिद्ध झाले.

आता वयाचे बोलू. २०१७ साली एक शोध प्रसिद्ध झाला. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांना, त्यांत बहुतेक तिशीच्या आसपासच्या बाया, सहा महिने हिंदी वाचायला शिकवले. लिपी देवनागरी, म्हणजे आपलीच. शिकवण्याआधी आणि शिकवल्यानंतर त्यांच्या मेंदूची चित्रे यंत्रावर घेतली. फरक दिसला. वाचायला डोळे लागतात, म्हणून मेंदूच्या ज्या भागाकडे डोळ्यांचे काम आहे तिथे बदल होईल अशी अटकळ होतीच. पण मेंदूच्या अगदी आतल्या, जुन्या भागांतही बदल झाला, आणि ते भाग वरच्या भागांशी अधिक जुळवून घेऊन काम करू लागले. सहा महिन्यांत! शेतात राबणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाया त्या. "आता काय डोक्यात शिरणार?" असे त्याही म्हणाल्या असतील.

दाण्यातले पुस्तक

आता त्या ज्वारीच्या दाण्याकडे जाऊ. दाण्याला मेंदू नाही. त्याची माहिती प्रत्येक पेशीत एका लांबलचक धाग्यावर असते. त्या धाग्याला डीएनए म्हणतात. हा धागा पीळ दिलेल्या शिडीसारखा असतो. शिडीच्या पायऱ्यांवर चार रसायने असतात. त्यांना ए, टी, जी आणि सी अशी अक्षरे दिली आहेत. सगळी सृष्टी या चार अक्षरांत लिहिलेली आहे. ज्वारी त्यातच, बैल त्यातच आणि आपणही त्यातच. फरक फक्त क्रमाचा. माणसाच्या या पुस्तकात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत.

गंमत अशी की ए समोर नेहमी टी असतो आणि जी समोर सी. म्हणून शिडी मधोमध चिरली तरी एका बाजूवरून दुसरी बाजू बरोबर जुळवता येते. नक्कल काढण्याची सोय पुस्तकातच करून ठेवली आहे! ही रचना वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली मांडली. त्यासाठी ज्या क्ष-किरण चित्राचा मोठा आधार मिळाला, ते लंडनला रोझालिंड फ्रँकलिन या बाईंच्या प्रयोगशाळेत निघाले होते. त्या १९५८ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी गेल्या. १९६२ चे नोबेल तिघा पुरुषांना मिळाले. बाईंचे नाव आम्ही शाळेत शिकवत होतो त्या काळच्या पुस्तकांत शोधूनही सापडत नसे.

अक्षरे कळली, पण शब्द कसे वाचायचे? इथे आपल्याकडच्या एका माणसाचे नाव येते. हरगोविंद खुराना. पंजाबातल्या रायपूर नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. आज ते खेडे पाकिस्तानात आहे. वस्ती शंभरेक माणसांची. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्यासारखे. त्या साऱ्या गावात लिहिता-वाचता येणारे कुटुंब जवळजवळ ते एकच. हरगोविंदांची पहिली शाळा झाडाखाली भरे. हा मुलगा पुढे अमेरिकेत गेला आणि त्याने स्वतः अक्षरे जुळवून धागे तयार केले. कोणत्या शब्दाने काय घडते ते त्यावरून तपासले. तीन तीन अक्षरांचा एक शब्द, असे ६४ शब्द होतात. बहुतेक शब्द "प्रथिनाच्या माळेत पुढचा मणी कोणता ओवायचा" हे सांगतात आणि थोडे "आता थांबा" असे सांगतात. मण्यांचे प्रकार वीस. या कामाबद्दल खुराना, निरेनबर्ग आणि हॉली यांना १९६८ साली नोबेल मिळाले. पटवाऱ्याच्या मुलाने सृष्टीचे दप्तर वाचले, असे आम्हाला नेहमी वाटते.

नक्कल काढताना चूक झाली तर? पेशवाईतली गोष्ट तुम्ही ऐकली असेल. "धरावे"चे "मारावे" केले आणि १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ती आख्यायिका असेल, पण "धचा मा" हा शब्दप्रयोग तेव्हापासून आपल्या तोंडात आहे. शरीरातही धचा मा होतो. रक्ताला लाल रंग देणारे जे प्रथिन असते, त्याच्या पाठात एका ठिकाणी ए ऐवजी टी पडला की मण्यांच्या माळेत एक मणी बदलतो. तेवढ्याने रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. त्या बारीक नळ्यांत अडकतात, सांधे आणि पोट असह्य दुखते, रक्त कमी पडते. हाच सिकलसेलचा आजार. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत तो पुष्कळ आढळतो.

हे नीट समजून घ्या, कारण यात घरेच्या घरे गुंतली आहेत. प्रत्येकाकडे या पाठाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एकच प्रत चुकीची असेल तर माणसाला बहुधा काही त्रास होत नाही. त्याला वाहक म्हणतात. पण नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक इतकी शक्यता असते की दोन्ही प्रती चुकीच्या येतील आणि मूल आजारी होईल. यात सुनेचा दोष नाही, करणीचा तर मुळीच नाही. लग्नाआधी दोघांच्या रक्ताची तपासणी केली की आधीच कळते. ही तपासणी सरकारी दवाखान्यांमार्फत करता येते.

ओवी, कागद आणि तबकडी

अक्षर नव्हते तेव्हा माणसे ज्ञान तोंडी ठेवत. वेद पाठ करणारे शब्द उलटसुलट फिरवून म्हणत, म्हणजे एखादा गळला तर लगेच कळे. आपल्या आयाबहिणींनी जात्यावरच्या ओव्या अशाच सांभाळल्या. चाल ठरलेली, यमक ठरलेले. शब्द विसरला तर चालच अडते आणि शब्द शोधायला लावते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हां यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. कागदाला हात न लावता एवढा मोठा ग्रंथ पिढ्यान् पिढ्या जिवंत राहिला! पण गिरण्या आल्या, जाती बंद पडली. दळणे थांबल्यावर ओवी म्हणायची कधी? वेळेवर लिहून घेतल्या म्हणून राहिल्या.

यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगतो. सोलापूरची चादर ज्या जॅकार्ड मागावर विणतात, तिथे छिद्रे पाडलेले पुठ्ठे असतात. छिद्र असले की धागा वर उचलला जातो, नसले की नाही. नक्षी पुठ्ठ्यात साठवलेली असते. फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या माणसाची १८०४ ची ही युक्ती. पुढे अमेरिकेत १८९० ची खानेसुमारी छिद्रांच्या पत्त्यांवर मोजली. आजचा संगणकही एवढेच जाणतो, आहे किंवा नाही. फक्त छिद्राच्या जागी लोहचुंबकाचा कण किंवा विजेचा सूक्ष्म साठा आला. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशा साठवणीचे पहिले मोठे यंत्र काढले. दोन दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि मावत होती ५० लाख अक्षरे. आज मोबाईलमधले नखाएवढे ६४ जीबीचे कार्ड त्याच्या बारा हजार पटींहून अधिक साठवते.

मग सगळे यंत्रातच ठेवावे की! घाई करू नका. इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजाने जमिनीची पाहणी करून घेतली. कोणाची किती जमीन, किती नांगर, किती जनावरे, सगळे कातड्याच्या पानांवर लिहिले. त्या बाडाला डूम्सडे बुक म्हणतात. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली नवी पाहणी काढली. दहा लाखांवर लोकांनी, त्यांत शाळकरी मुले पुष्कळ, आपापल्या गावची माहिती लिहिली. ती चकचकीत तबकड्यांवर भरली. पंधरा वर्षे गेली. त्या तबकड्या वाचणारी यंत्रे बाजारातून नाहीशी झाली. उरलेली नादुरुस्त होऊ लागली. विद्यापीठांतल्या जाणकारांना खास खटपट करून ती माहिती बाहेर काढावी लागली. राजाचे ९०० वर्षांचे बाड मात्र कपाटातून काढले की वाचता येत होते.

आपल्याकडेही हेच आहे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कागदांचे फडक्यात बांधलेले गठ्ठे. शाई टिकली आहे, कागद टिकला आहे. पण लिपी मोडी. ती वाचणारे थोडे उरले. जुन्या वाटणीचा, इनामाचा कागद घरात असतो आणि तो वाचून घ्यायला माणूस शोधत तालुक्याला जावे लागते. अशोकाचे शिलालेखही शेकडो वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर होते. १८३७ च्या सुमारास प्रिन्सेप यांनी ब्राह्मी अक्षरे उलगडली, तेव्हा कुठे ते बोलू लागले.

म्हणून काही शास्त्रज्ञ आता पुन्हा दाण्याकडे वळले आहेत. २०१३ साली इंग्लंडातल्या गोल्डमन आणि बर्नी या दोघांनी शेक्सपिअरची १५४ सुनीते डीएनएच्या चार अक्षरांत लिहून एका नळीत ठेवली आणि परत जशीच्या तशी वाचून दाखवली. टिकण्याचे म्हणाल, तर सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतून निघालेल्या हत्तीच्या जातीच्या जनावरांचा दहा लाख वर्षांपूर्वीचा डीएनए २०२१ साली वाचला गेला. ग्रीनलंडच्या मातीतला तर वीस लाख वर्षांपूर्वीचा, २०२२ साली. डीएनए वाचणारी यंत्रे रोगाच्या तपासणीसाठी माणसाला लागणारच, त्यामुळे त्या चकचकीत तबकड्यांसारखी गत होणार नाही, असा या मंडळींचा हिशेब आहे. अडचण लिहिण्याची आहे. अक्षर अक्षर जोडून धागा बनवणे अजून फार सावकाश चालते आणि फार महाग पडते. तेव्हा सध्या तरी तुमचा सातबारा दप्तरात आणि संगणकातच राहणार आहे. त्याची एक छापील प्रत घरच्या पेटीत ठेवा, आणि ठेवण्याआधी त्यावरचे नाव आणि गट नंबर स्वतः वाचून पाहा.